भांडण दोघांचं, शिवी तिसरीला

आईबहिणीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांमुळे बायकांना मिळणारी वागणूक खरोखर बिघडते का? हा विषय निघाला की दोन उत्तरं तयार असतात. एक बाजू म्हणते, "शिवी काय, रागात तोंडातून जाते. अर्थाचा विचार करून कोण शिवी देतं?" दुसरी म्हणते, "शिवी हाच अत्याचार, तिथूनच सगळं सुरू होतं." दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण शब्द आणि वागणूक यांच्या मधे नेमकं काय घडतं, ते दोघंही सांगत नाहीत. मानसशास्त्र आणि भाषेचे अभ्यासक गेली पन्नासेक वर्षं हेच तपासत आले आहेत आणि त्यातलं बरंच आता बऱ्यापैकी उलगडलं आहे.

सुरुवात शिवीपासूनच करू.

शिवी लागू पडते कशी

आईवरून किंवा बहिणीवरून दिलेली शिवी नीट उलगडून पाहा. देणारा पुरुष, घेणारा पुरुष. जिच्याबद्दल बोललं जातं ती बाई तिथे हजरही नसते, त्या भांडणाशी तिचा काडीचा संबंध नसतो. तरी समोरच्याला दुखवायचं तर तिच्यावरूनच जायचं, हे दोघांनाही न सांगता कळतं. ते कळतं, कारण तीन गोष्टी दोघांनी आधीच मान्य केलेल्या असतात. पहिली, पुरुषाची अब्रू त्याच्या घरातल्या बायकांच्या शरीरात ठेवलेली असते. दुसरी, शरीरसंबंध म्हणजे एकाने दुसऱ्यावर मिळवलेला विजय. करणारा जिंकला आणि जिच्यावर केलं ती, आणि तिच्याबरोबर तिच्या घरचे पुरुष, हरले. तिसरी, त्या बाईचं यात काय म्हणणं आहे हा प्रश्नच येत नाही.

यातली एक जरी गोष्ट काढून घेतली तरी शिवी पोकळ होते. आपली अब्रू आईच्या किंवा बहिणीच्या शरीरावर टांगलेली नाही, असं ज्याला मनापासून वाटतं त्याला ती शिवी फार तर असभ्य वाटेल, झोंबणार नाही. म्हणून शिवी झोंबणं हीच एक खूण असते. देणारा आणि घेणारा एकमेकांचे शत्रू असतील, पण बाई ही कुणाची तरी मालमत्ता आहे यावर त्यांचं एकमत असतं.

हेच गणित सौम्य शब्दांतही सापडतं. साला म्हणजे बायकोचा भाऊ. एखाद्याला साला म्हणणं म्हणजे 'तुझी बहीण माझ्याकडे आहे' असं सुचवणं. आज हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की मोबाइल हँग झाला तरी आपण 'साला' म्हणतो आणि बहीण कुणाच्या मनातही येत नाही. अर्थ झिजतो, हे खरं आहे. पण सगळ्या शिव्या सारख्या झिजत नाहीत, आणि झिजलेली शिवीसुद्धा ऐकणाऱ्याच्या बाजूने कधीकधी पुन्हा धारदार होते. त्याकडे पुढे येऊच.

बाईला थेट द्यायच्या शिव्यांची जात वेगळी. त्या जवळजवळ सगळ्या तिच्या चारित्र्यावर असतात. जुन्या मराठीत 'रांड' हा शब्द विधवेलाही होता, वेश्येलाही होता आणि भांडणात तो कुठल्याही बाईला लावता येत होता. नवरा मेलेली, शरीर विकणारी आणि नुसतीच न आवडणारी, अशा तिन्ही बायकांना एकच शब्द पुरला. 'विधुर' या शब्दाची शिवी कधी झाली नाही. हे फक्त मराठीचं वैशिष्ट्य नाही. ज्युलिया स्टॅनली या अमेरिकी अभ्यासिकेने १९७७ साली इंग्रजीतली अशी शब्दसंपत्ती गोळा केली, तेव्हा अनेकांशी संबंध ठेवणाऱ्या बाईसाठी तिला २२० शब्द मिळाले आणि तशाच पुरुषासाठी २२.

तिसरी जात पुरुषाला बाई ठरवणारी. बायल्या, बांगड्या भर, बायकांसारखा रडतोस काय. इथे कुणावर काही करून दाखवण्याची धमकी नाही, पण बाई असणं म्हणजे खालच्या पायरीवर असणं, हे एका दमात सांगून टाकलेलं असतं. या शिव्या सगळ्यात आधी कानावर पडतात त्या लहान मुलांच्या. दहा वर्षांच्या मुलाला रडू आवरायचं असतं ते दुखणं थांबलं म्हणून नव्हे, तर आपल्याला मुलगी म्हणतील म्हणून. आणि त्याच वर्गात बसलेली मुलगी हे ऐकत असते. आपण जे आहोत तीच दुसऱ्याची शिवी आहे, हे तिला त्याच वयात कळतं.

पुरुषांच्या अवयवांवरूनही शिव्या आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत. पण त्या बहुधा 'मूर्ख' किंवा 'निरुपयोगी' एवढंच सांगतात. त्यांत बळजबरीची गोष्ट नसते.

तोंडातून 'जाते' म्हणजे काय होतं

शिवी विचार न करता जाते, या म्हणण्यात शास्त्रीय तथ्य आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांना साधं वाक्य जुळवता येत नाही, पण शिवी मात्र खणखणीत येते. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच याची नोंद केली होती. शिव्या या जुळवून केलेल्या वाक्यांसारख्या साठवलेल्या नसतात. त्या तयार तुकड्यांसारख्या असतात आणि भावनांशी जवळून जोडलेल्या असतात. २००३ साली तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. शब्द ऐकताना त्यांच्या त्वचेवर किती सूक्ष्म घाम येतो, हे यंत्राने मोजलं गेलं. निषिद्ध शब्दांनी आणि लहानपणी मोठ्यांकडून खाल्लेल्या बोलण्यांनी घाम वाढला, आणि मातृभाषेतल्या शब्दांनी तो इंग्रजीपेक्षा जास्त वाढला. घरात जपून बोलणारी माणसंही इंग्रजी शिव्या सहज का वापरतात, याचं उत्तर इथे मिळतं. त्या शब्दांबरोबर लहानपणीचा धपाटा आलेला नसतो.

ब्रिटनच्या कील विद्यापीठातले रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. एकदा शिवी पुटपुटत आणि एकदा साधा शब्द पुटपुटत. शिवी देताना त्यांनी हात जास्त वेळ पाण्यात ठेवला. शिवीने वेदना सोसायला मदत होते, हा निष्कर्ष जगभर गाजला. त्यानंतरची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांनी दोन बनावट, शिवीसारखे ऐकू येणारे शब्द तयार करून तोच प्रयोग केला. ते शब्द गमतीशीर वाटले, पण वेदना सोसण्यात काडीचा फरक पडला नाही. शिवीचं बळ तिच्या उच्चारात नसतं. हा शब्द बोलायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यातून ते बळ येतं.

आमच्या विषयाला हे फार उपयोगी आहे. आराम देतो तो निषिद्धपणा, आणि निषिद्धपणासाठी शिवीत बाई असायची गरज नाही.

राग मात्र वेगळा. बाहेर काढला की राग निवतो, अशी पक्की समजूत आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी लोकांना चिडवलं, मग काहींना गुद्दे मारायची पिशवी दिली आणि चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यापुढे आणायला सांगितलं. त्यांचा राग वाढला. नुसते शांत बसलेले लोक त्यांच्यापेक्षा निवळलेले निघाले. ठेच लागल्यावर दिलेली शिवी आणि माणसावर रोखून दिलेली शिवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल मला कुणाशी भांडायचं नाही.

दुसऱ्या भाषा काय करतात

आईवरूनच शिवी द्यायची, हा काही माणसाच्या मेंदूचा नियम नाही. डच लोक रोगांवरून शिव्या देतात. कर्करोग, कॉलरा, टायफस हे शब्द तिथे सर्रास वापरले जातात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या फ्रेंच भाषेत सर्वांत कडक शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या आहेत. वेदीवरची पवित्र पेटी, प्रसादाचा पेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे चर्चचा लोकांच्या आयुष्यावर घट्ट पगडा होता, शिव्याही तिथेच जाऊन धडकल्या. फिनलंडमध्ये सैतान कामाला येतो. समाज ज्याला फार पवित्र किंवा फार भयंकर मानतो, त्याच्या आसपास शिव्या उगवतात.

यावर एक युक्तिवाद हमखास होतो. आपण आईला सगळ्यात पवित्र मानतो म्हणूनच तिच्यावरून शिवी लागते, म्हणजे हा आदरच झाला की. अर्धवट खरं आहे. पवित्र मानतो हे खरं, पण काय पवित्र मानतो? तिचं शहाणपण, तिचे कष्ट, तिचा शब्द यांवरून शिव्या नाहीत. 'तुझी आई खोटं बोलते' असं म्हटल्याने कुणी गळपट्टी धरत नाही. शिवी जाते ती थेट तिच्या शरीराच्या शुद्धतेवर, आणि ती शुद्धता राखण्याचं काम मुलाचं मानलेलं असतं. राखणीला आदर म्हणायला माझं मन तयार होत नाही.

पण इथे उलट बाजूचा पुरावाही मांडायला हवा. शिव्या चर्चवरून असलेल्या त्याच क्यूबेकमध्ये, माँट्रियल शहरात, ६ डिसेंबर १९८९ ला एक माणूस बंदूक घेऊन इंजिनिअरिंग कॉलेजात शिरला, वर्गातल्या मुलग्यांना बाहेर काढलं आणि 'तुम्ही स्त्रीवादी आहात' म्हणत मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १४ स्त्रिया मारल्या गेल्या. फारसी आणि तुर्की भाषांत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे, तरी त्या भाषा बोलणाऱ्या समाजांत बाई सुखी झाली असं कुणी म्हणणार नाही. भाषा बदलली की वागणूक आपोआप सुधारते, हे साफ चूक आहे.

मग शब्द करतो तरी काय?

परवानगी

१९८५ साली जेफ ग्रीनबर्ग आणि टॉम पिझिन्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. तो वंशावरून दिलेल्या शिवीबद्दल आहे, पण त्याची रचना पाहा. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या छोट्या गटासमोर एक गोरा आणि एक काळा असे दोघे वादविवाद करतात. वाद संपतो. गुण द्यायच्या आधी गटातला एक जण, जो प्रयोग करणाऱ्यांनीच पेरलेला असतो, काळ्या वक्त्याबद्दल वंशवाचक शिवी वापरून शेरा मारतो. काही गटांत तो शिवी न वापरता टीका करतो, काहींत काहीच बोलत नाही. मग सगळे गुण देतात. काळा वक्ता वाद जिंकलेला असेल, तर शिवीने त्याचे गुण कमी झाले नाहीत. तो हरलेला असेल, तर शिवी ऐकलेल्या गटाने त्याच्या कौशल्याला कमी गुण दिले. नुसती टीका ऐकलेल्यांनी तसं केलं नाही.

शिवी ऐकून ते विद्यार्थी एकाएकी वर्णद्वेष्टे झाले नव्हते. मनात कुठेतरी पडून असलेली एक समजूत शिवीने वर काढली, आणि ती लागू करायला निमित्त मिळालं तेव्हा ती लागू झाली. बाईच्या बाबतीत असं निमित्त कुठे मिळतं, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करते. कामावर तिची एखादी चूक झाली की. घरी तिने उलट उत्तर दिलं की. गाडी चालवताना ती जरा अडखळली की.

दुसरा धागा विनोदाचा. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुरुषांना बायकांना हिणवणारे विनोद वाचायला दिले, दुसऱ्या गटाला तोच आशय विनोदाशिवाय दिला आणि तिसऱ्याला साधे विनोद दिले. मग विचारलं, बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला तुम्ही किती देणगी द्याल? ज्यांच्या मनात बायकांबद्दल आधीच आकस होता, त्यांनी हिणवणारे विनोद वाचल्यावर हात आखडता घेतला. तोच आशय गंभीरपणे वाचला तेव्हा तसं झालं नाही. ज्यांच्या मनात आकस नव्हता, त्यांच्यावर विनोदांचा असा परिणाम दिसला नाही. पुढच्या प्रयोगात बायकांच्या संघटनेच्या निधीत किती कपात करायची, हे विचारलं. तिथेही आकस असलेल्यांनी जास्त कात्री लावली, आणि बाकीच्यांनाही हे पटेल असं त्यांना वाटत होतं.

हा शेवटचा भाग सोडू नका. हसण्यावारी नेलेला शब्द मनात नवं विष घालत नाही. आत जे आहे ते बाहेर काढायला इथे हरकत नाही, एवढं तो सांगतो. म्हणून मित्रांच्या टोळक्यात सहज उडणाऱ्या शिव्यांचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. दहातल्या आठांसाठी ती खरोखर नुसती सवय असेल. उरलेल्या दोघांना मात्र आपण एकटे नाही असं वाटतं. आणि आठांनी आपापल्या मनात काय धरलं होतं, हे त्या दोघांना कळायला मार्ग नसतो. ऐकू येतो तो फक्त होकार.

सवयीचाही आणखी एक परिणाम आहे. पोलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की द्वेषाची भाषा वारंवार कानावर पडली की ती कमी खटकू लागते, आणि ती खटकेनाशी झाली की ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांच्याविषयीचा दुजाभाव वाढतो. इटालियन मानसशास्त्रज्ञ फाबिओ फासोली आणि सहकाऱ्यांनी समलिंगी पुरुषांना दिल्या जाणाऱ्या शिव्यांवर काम केलं. शिवी पडद्यावर इतक्या झटकन दाखवली की ती दिसल्याचं जाणवूही नये. तरीही नंतर लोकांनी समलिंगी पुरुषांना माणूसपणाचे गुण कमी लावले आणि त्यांच्यापासून शारीरिक अंतर जास्त ठेवलं. समलिंगी हा साधा शब्द दाखवला तेव्हा एवढा फरक पडला नाही.

या पुराव्याला मर्यादा आहेत. यातले काही प्रयोग वंशावरच्या आणि समलिंगींवरच्या शिव्यांचे आहेत. प्रयोगशाळेत गुण, देणगी, अंतर मोजता येतं. मारहाण मोजता येत नाही आणि मोजूही नये. बाईवर हात उगारला जातो त्यामागे सत्ता गाजवण्याची सवय, पैशांचं परावलंबित्व, लहानपणी घरात पाहिलेली मारहाण, दारू, शिक्षा न होण्याची खात्री अशी मोठी कारणं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. एवढा मोठा आकडा शिव्यांमुळे तयार झाला, असं म्हणणं म्हणजे त्या बाकीच्या कारणांना मोकळं सोडणं होईल.

घरात

पण बंद दाराआड शिवी जे काम करते, ते टोळक्यातल्या शिवीहून फार वेगळं आहे. तिथे ती हिंसेचा भागच असते.

नवरा उशिरा घरी आलेल्या बायकोला 'कुठे होतीस?' असं विचारतो. ती सांगते. तो ऐकत नाही, आणि तिला चारित्र्यावरची शिवी देतो. त्या एका शब्दाने खोलीतल्या दोघांच्या भूमिका बदलतात. आतापर्यंत ती उशीर झालेली बाई होती. आता ती गुन्हेगार आहे आणि तो न्याय करणारा. त्यानंतर पडलेली थप्पड त्याच्या लेखी मारहाण राहत नाही, ती शिक्षा होते. दुसऱ्या दिवशी 'मी उगाच मारलं' असं तो म्हणत नाही, 'तिने मारायला लावलं' असं म्हणतो. आणि ती? माहेरी, शेजारी, पोलिसांत काय सांगायचं? मारलं हे सांगितलं की का मारलं हे विचारणार, आणि मग तो शब्द तिला स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागणार. एकदा उच्चारला की ऐकणाऱ्याच्या नजरेत प्रश्न येतोच, 'खरंच असेल का काही?' हा प्रश्न टाळायला ती गप्प बसते.

मारण्याआधी तो शब्द कारण पुरवतो, मारताना हाताला जोर देतो आणि मारल्यानंतर तोंड बंद ठेवतो. 'नुसता शब्द' म्हणणाऱ्यांनी या तिसऱ्या कामाकडे जरूर पाहावं. मूर्ख, आळशी, बिनडोक या शब्दांना हे जमत नाही. आपल्याला मूर्ख म्हटलं हे बाई कुणालाही सांगू शकते.

तोच शब्द मोबाइलवरही काम करतो. बाईने रस्त्यांबद्दल, निवडणुकीबद्दल, क्रिकेटबद्दल मत लिहिलं की उत्तरं कशी येतात ते पाहा. पुरुषाला 'तुला अक्कल नाही' असं उत्तर येतं. तिला ती कशी आहे, किती जणांबरोबर असते आणि तिला काय केलं पाहिजे, हे सांगणारी उत्तरं येतात. आधी ज्या झिजलेल्या शिवीबद्दल बोललो, ती इथे पुन्हा धार घेते. लिहिणाऱ्याने ती सवयीने टाकलेली असेल, पण वाचणारीला लिहिणारा दिसत नाही, त्याचा सूर ऐकू येत नाही, आणि त्यात जे लिहिलं आहे ते जगात खरोखर घडतं हे तिला माहीत असतं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडिया या मानवी हक्क संघटनेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातल्या ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेली १,१४,७१६ ट्वीट्स तपासून घेतली. साधारण दर सातातलं एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचं निघालं. याचा परिणाम मारहाणीत मोजायची गरजच नाही. किती बायका लिहायच्या थांबल्या, हा परिणाम पुरेसा गंभीर आहे.

शिवीतली धमकी शब्दशः खरी होते तेव्हा काय दिसतं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. १९४७ ची फाळणी, १९९२ ते १९९५ मधलं बोस्नियाचं युद्ध, १९९४ मधला रवांडाचा नरसंहार. प्रत्येक ठिकाणी एका गटाच्या पुरुषांना हरवलं हे दाखवण्यासाठी दुसऱ्या गटाने त्यांच्या बायकांवर बलात्कार केले. रवांडात त्याआधी काही वर्षं तुत्सी जमातीच्या बायकांच्या चारित्र्याबद्दल छापून आणि रेडिओवरून विखारी प्रचार चालला होता. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अकायेसू या रवांडातल्या अधिकाऱ्यावरच्या खटल्यात बलात्कार हा नरसंहाराचा भाग ठरू शकतो असा निकाल दिला. रस्त्यावरच्या भांडणातला माणूस आणि तो सैनिक एक नव्हेत, हे उघड आहे. पण शत्रूची आई-बहीण म्हणजे शत्रूवर वार करायची जागा, ही कल्पना दोघांकडे सारखीच आहे, आणि शांततेच्या काळात ती जिवंत ठेवायचं काम कुणीतरी रोज करत असतं.

बायकाही देतात की

देतात. ब्रिटनमधल्या डेमॉस या संस्थेने २०१६ मध्ये ट्विटरवर बायकांना उद्देशून दिलेल्या दोन नेहमीच्या इंग्रजी शिव्यांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास निम्म्या शिव्या बायकांच्याच खात्यांवरून आलेल्या आढळल्या. याने 'मग पुरुषांना दोष का?' असं सिद्ध होत नाही. त्या शब्दांत बाईला किती सहज खाली पाडता येतं, हे बायकांनीही शिकून घेतलं आहे, एवढं दिसतं. सासूने सुनेला आणि सुनेने नणंदेला दिलेली चारित्र्यावरची शिवी त्याच कोठारातली असते. बरोबरीच्या नावाखाली मुलीही आता आईबहिणीवरून शिव्या देतात. त्यात मोकळेपणा वाटतो, हे मी समजू शकते. पण बोलणारी मुलगी असली म्हणून शिवीतल्या बाईची सुटका होत नाही.

शब्द स्वतःकडे खेचून घ्यायचा प्रयत्न मात्र वेगळा आहे. जानेवारी २०११ मध्ये टोरंटोतल्या एका पोलिसाने विद्यार्थ्यांसमोर सांगितलं की बळी व्हायचं नसेल तर बायकांनी 'तसल्या' बायकांसारखे कपडे घालू नयेत. त्याने वापरलेला शब्दच घेऊन एप्रिलमध्ये बायका रस्त्यावर आल्या, आणि जुलैमध्ये दिल्लीत 'बेशर्मी मोर्चा' निघाला. अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की हिणवणारा शब्द माणूस स्वतःला लावून घेतो तेव्हा तो इतरांना जास्त सामर्थ्यवान दिसतो आणि त्या शब्दाची नांगी थोडी बोथट होते. पण त्या मोर्चांवर काळ्या अमेरिकी स्त्रियांनी जाहीर आक्षेप घेतला. गुलामगिरीच्या काळापासून ज्यांच्या शरीरावर तो शब्द अत्याचाराचं निमित्त म्हणून वापरला गेला, त्यांना तो मिरवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. शब्द उलटवायला आधी पायाखाली थोडी जमीन लागते, आणि ज्या बाईला त्या शब्दासकट घराबाहेर काढलं जातं तिच्याकडे ती नसते.

काय केल्याने फरक पडतो

स्वच्छ तोंड ही स्वच्छ वागणुकीची हमी नाही. आयुष्यात एकदाही अपशब्द न काढलेले पुरुष बायकोला पैशांपैशांसाठी रडवतात, आणि तोंडाने फाटके असलेले कितीतरी पुरुष घरी बायकोला बरोबरीने वागवतात. शिव्यांविरुद्धची मोहीम पुष्कळदा अंगमेहनत करणाऱ्या लोकांच्या बोलीला नाक मुरडण्यापाशी येऊन थांबते, ते मला मान्य नाही. प्रश्न राकट बोलण्याचा नाही. कुणाला तरी हरवण्यासाठी बाईचं शरीर वापरण्याचा आहे.

मुलं शिवी अर्थ कळण्याच्या आधी उचलतात. मग घरात दोन गोष्टी होतात. मोठे फटका देतात किंवा हसतात. फटक्याने शब्दाचं निषिद्धपण वाढतं, म्हणजे ताकद वाढते. हसण्याने परवानगी मिळते. अर्थ कुणीच सांगत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं की या शब्दाचा अर्थ असा, की एका बाईला तिची इच्छा नसताना त्रास द्यायचा, आणि तोही ती दुसऱ्या कुणाची तरी आई आहे म्हणून. मुलांना अन्याय चटकन कळतो.

मोठ्यांच्या बाबतीत टोकण्याचा उपयोग होतो का? होतो, आणि हे तपासलेलं आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉलेजच्या आवारात विद्यार्थ्यांना थांबवून वर्णद्वेषाबद्दल मत विचारलं जाई. शेजारी थांबवलेल्या दुसऱ्या व्यक्तीने आधी ठाम विरोध केला तर त्या विद्यार्थ्याचं मतही ठाम येई. तिने सौम्यपणा दाखवला तर त्याचंही मत सौम्य होई. एका माणसाचं आधी बोलणं पुरत होतं. २००६ मध्ये अलेक्झांडर चॉप आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की टोकलेल्या माणसाला टोकणारा आवडत नाही, तरीही पुढच्या वेळी तो तशी विधानं कमी करतो.

त्याच संशोधकांच्या २००३ च्या कामातली एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांच्यावर शेरा आहे त्यांनी स्वतः टोकलं तर समोरचा जास्त चिडतो. बाहेरच्याने टोकलं तर त्याला जास्त अपराधी वाटतं. आणि वंशावरून टोकल्यावर माणूस जितका ओशाळतो, तितका बाईवरून बोलल्याबद्दल टोकल्यावर ओशाळत नाही. तिथे तो हसण्यावारी नेतो. बाईने टोकलं की 'हिला विनोद कळत नाही' असं म्हणून विषय संपतो, हा बायकांचा रोजचा अनुभव आहे. तेच वाक्य टोळक्यातल्या एखाद्या पुरुषाने, आवाज न चढवता म्हटलं, "भांड हवं तेवढं, पण त्याच्या आईला यात आणू नकोस," तर त्याला विनोद कळत नाही असं सहसा कुणी म्हणत नाही. त्या टोळक्यातले जे दोघं आपल्याला सगळ्यांचा होकार आहे असं समजत होते, त्यांना पहिल्यांदाच नकार ऐकू येतो.